हॉटेलच्या वेबसाइटचं एसईओ : एजन्सीच्या प्रस्तावातलं कामाचं किती आणि गैरसमज किती?

प्रश्न – किनारा_१२_खोल्या

नमस्कार मंडळी,

हॉटेल तारकर्लीत. १२ खोल्या, त्यांतल्या ७ एसी. स्वतःचं स्वयंपाकघर. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, बुकिंग इंजिन (तारीख निवडून खोली बुक करायची यंत्रणा) दुसऱ्याच कंपनीच्या डोमेनवर उघडतं. दहातली आठ बुकिंग ओटीएवरून, म्हणजे हॉटेल बुकिंगच्या मोठ्या ऑनलाइन साइटींवरून, येतात. थेट बुकिंग वाढवण्यासाठी एका एजन्सीकडून एसईओचा, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाचा, प्रस्ताव आला आहे. दरमहा २५,००० रुपये, किमान ६ महिने. त्यात असं लिहिलंय:

१. ‘हॉटेल्स इन तारकर्ली’ या शोधावर ३० दिवसांत पहिला क्रमांक, लेखी हमी
२. प्रत्येक पानावर ४० मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेले शोधशब्द)
३. दरमहा ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका)
४. ‘मालवणजवळ हॉटेल’, ‘देवबागजवळ हॉटेल’, ‘कुडाळजवळ हॉटेल’ अशी १०० पानं
५. गुगल मॅपवरच्या नावापुढे ‘बेस्ट बीच हॉटेल तारकर्ली मालवण’ जोडणं
६. सगळ्या फोटोंना जिओटॅग (फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरणं)
७. सर्चमध्ये आमच्या नावाखाली रिव्ह्यूचे तारे दिसतील असा स्कीमा (पानाची माहिती गुगलला सांगणारा कोड)
८. एआयच्या उत्तरांत येण्यासाठी खास फाइल

शिवाय ते म्हणतात की साइटवरचा मजकूर ओटीएवर आहे तसाच असल्यामुळे गुगलने दंड लावलाय, म्हणून डोमेनही बदलायला हवं. यातलं काय करावं, काय सोडावं? जाणकारांनी कलमवार सांगितलं तर बरं होईल.

---

उत्तर – शोधपेटी

पहिल्या कलमापाशीच थांबा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. एसईओच्या कामाचा परिणाम दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं, हेही त्यांचंच म्हणणं. ३० दिवसांची हमी पाळून दाखवायची तर दोनच वाटा उरतात. कुणीही शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह निवडून त्यावर पहिला नंबर दाखवायचा, नाहीतर तुमच्या हॉटेलच्या नावावरच दाखवायचा, आणि तिथे तुम्ही आजही असालच.

हा शोध स्वतः टाइप करून पाहा. वर जाहिराती, मग नकाशासकट हॉटेलांचा चौकोन, त्यात तारीख आणि दर, आणि त्याखाली ओटीएंच्या याद्या. हे असं का दिसतं? ‘हॉटेल्स इन तारकर्ली’ लिहिणाऱ्याला एक हॉटेल नकोच असतं. त्याला दहा हॉटेलं शेजारीशेजारी ठेवून बघायची असतात. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे यादी, आणि एका हॉटेलच्या साइटवर यादी असणार कशी? म्हणून खालच्या निळ्या लिंकांत ओटीएंशी टक्कर घेण्यात ताकद घालवू नका. तुमची जागा वरच्या नकाशाच्या चौकोनात आहे. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गुगल सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. पैसे भरून हा क्रम बदलत नाही. गुगलवर जाहिरात केल्याने नैसर्गिक निकालांतला क्रम सुधारतो, हाही असाच एक गैरसमज.

कलम २: मेटा कीवर्ड आम्ही क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. आजच्या प्रस्तावात ते कलम असेल तर लिहिणाऱ्याने प्रस्ताव नीट वाचलेला नाही, किंवा त्याला विषयच माहीत नाही.

कलम ३: ५०० विकत घेतलेल्या लिंका म्हणजे बहुतेक वेळा कुणी न वाचणाऱ्या डिरेक्टऱ्या आणि मृत ब्लॉग. अशा लिंका गुगल बहुधा हिशेबातच धरत नाही, म्हणजे पैसे पाण्यात. क्वचित गुगलचा माणूस तपासून कारवाई करतो, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन होते. ती सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) त्याच नावाच्या विभागात दिसते. तो विभाग रिकामा असेल तर जुन्या फालतू लिंका नाकारण्याची फाइल भरत बसू नका. हॉटेलला उपयोगी लिंक म्हणजे ज्यावरून खरा माणूस येतो ती. तुमच्याकडे पाहुणे पाठवणारा डायव्हिंगवाला, तुमच्या अंगणात झालेल्या लग्नाचा फोटोग्राफर, पर्यटन विभागाकडे नोंदणी असेल तर तिथली नोंद. वर्षाला अशा पाच-सहा मिळाल्या तरी पुष्कळ.

कलम ५ धोक्याचं आहे. मॅपवरचं नाव पाटीवर आणि पावतीवर असतं तेच हवं, असा नियम आहे. त्यात शब्द घुसवले की कधीकधी क्रम खरंच वर जातो, म्हणून एजन्सीला मोह होतो. पण कुणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि हॉटेलचं प्रोफाइल गेलं की नकाशा, दर, फोन, रिव्ह्यू सगळंच दिसेनासं होतं. परत मिळवायला पाटीचा फोटो, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, वीजबिल असं सगळं जोडून अपील करावं लागतं. ऐन मे महिन्यात हे झालं तर अख्खा सीझन बुडाला म्हणून समजा.

कलम ६ सोडून द्या. जिओटॅगने क्रम सुधारत नाही. त्याऐवजी मॅपवरची पिन तपासा. कोकणात ती हमखास चुकलेली असते, कारण उपग्रहाच्या चित्रात माडांखालचं छप्परच दिसत नाही आणि पिन शेजारच्या बागेत पडते. छप्पर शोधत बसू नका. गाडी जिथून आत वळते त्या फाटकावर पिन ठेवा. मग फोनवर रस्ता लावून पाहा. तो मुख्य रस्त्यावरून आणतो की मागच्या पाणंदीतून, हे बघितल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

---

उत्तर – दर_आणि_खोल्या

शोधपेटींनी नकाशाच्या चौकोनाचं सांगितलं ते बरोबर. पण त्या चौकोनात खरा पैसा दरांच्या यादीत आहे, आणि प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही.

आपल्या हॉटेलचं नाव गुगलवर टाका, तारीख निवडा, ‘दर’ उघडा. तिथे तीन-चार ओटीएंची नावं दिसतील. तुमच्या स्वतःच्या साइटचं नाव ‘अधिकृत साइट’ म्हणून दिसतंय का? हॉटेलवाल्यांमध्ये सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज असा की त्या यादीत यायला पैसे लागतात. मार्च २०२१ पर्यंत तसंच होतं. त्यानंतर फुकट बुकिंग लिंका सुरू झाल्या. वरच्या बाजूच्या जागा आजही जाहिरातीच्या आहेत, खालची यादी फुकट आहे. त्यात यायला तुमचं बुकिंग इंजिन किंवा चॅनल मॅनेजर (सगळ्या ओटीएंना दर आणि खोल्या पाठवणारी यंत्रणा) गुगलचा जोडणी भागीदार असावा लागतो. इंजिनवाल्याला फोन करून एवढंच विचारा: ‘गुगलच्या फुकट बुकिंग लिंकांना आमचे दर पाठवता का, आणि त्याचे वेगळे पैसे किती?’ उत्तर ‘नाही’ आलं तर इंजिन बदलण्याचा खर्च हा एसईओच्या कुठल्याही खर्चापेक्षा आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

दर पाठवूनही यादीत नाव येत नसेल तर दोन ठिकाणी माशी शिंकते. एक, इंजिनमधला पत्ता, नाव किंवा पिन मॅपवरच्या प्रोफाइलशी जुळत नाही, त्यामुळे हे तेच हॉटेल आहे हे गुगलला कळत नाही. दोन, पाठवलेला दर आणि पानावर दिसणारा दर वेगळा निघतो. दुसरं कारण सध्या कराच्या दरामुळे होऊ शकतं. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. समजा खोली ३,२०० ची आहे. ५ टक्क्यांनी एकूण ३,३६० होतात. इंजिनच्या एखाद्या जुन्या दरयोजनेत १२ टक्के तसेच राहिले असतील तर शेवटच्या पानावर ३,५८४ दिसतील. २२४ रुपयांच्या या फरकाने गुगल लिंक दाखवणं कमी करतं किंवा थांबवतं. आणि पाहुण्याला तर सरळ फसवणूकच वाटते. प्रत्येक दरयोजना उघडून पाहा, नाश्त्यासह, नाश्त्याविना, जास्तीची गादी, सगळ्या. जास्तीच्या गादीचा कर सर्वांत जास्त वेळा विसरला जातो.

आता २५,००० चा हिशेब. ३,२०० च्या खोलीवर ओटीएचं कमिशन १८ टक्के धरू, तुमच्या करारातला आकडा घाला. ५७६ रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण १०४. ५ टक्क्यांच्या दरात इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे हे १०४ ही तुमच्याच खिशातून. एकूण ६८०. थेट बुकिंगला पेमेंट गेटवे २ टक्के आणि त्यावरचा कर मिळून ७९ च्या आसपास. म्हणजे एक रात्र ओटीएवरून थेटवर आली की साधारण ६०० वाचतात. २५,००० भागिले ६००, साधारण ४२ रात्री. दर महिन्याला ४२ रात्री ओटीएवरून खरंच तुमच्याकडे वळल्या तर एजन्सीचा खर्च फक्त भरून निघतो. तुमच्या महिन्याच्या सगळ्या खोल्या मिळून रात्री होतात ३६०, आणि पावसाळ्यात त्यांतल्या कितीतरी रिकाम्याच असतात. हा आकडा एजन्सीसमोर ठेवा आणि ४२ कुठून आणणार ते विचारा.

---

उत्तर – पान_उघडा

मी साइटच्या आतलं सांगतो.

दंडाची भीती आधी काढून टाका. सारख्या मजकुराला दंड असा प्रकारच नाही. फसवण्यासाठी साइटी भरभरून नकला केल्या तर गोष्ट वेगळी. गुगलला एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला की ते त्यातलं एक पान निवडतं आणि दुसरं मागे ठेवतं. तुमचा ‘डिलक्स रूम’चा परिच्छेद जसाच्या तसा ओटीएवर असेल तर निवडलं जाणारं पान बहुधा त्यांचं. उपाय डोमेन बदलणं नव्हे, मजकूर बदलणं. ओटीएवर आहे तो राहू दे, स्वतःच्या साइटवर त्याहून जास्त लिहा.

बुकिंग इंजिन दुसऱ्या डोमेनवर असणं हा गुन्हा नाही. पण खोल्यांचं वर्णन आणि फोटो फक्त इंजिनमध्ये असतील तर ते तुमच्या साइटच्या खात्यात जमा होत नाहीत. अनेकांचा समज असा की आयफ्रेमने इंजिन आपल्या पानात बसवलं की तो मजकूर आपला झाला. तसं धरून चालू नका. प्रत्येक प्रकारच्या खोलीचं पान स्वतःच्या डोमेनवर, साध्या मजकुरात हवं, आणि ‘बुक करा’ बटणाने तीच खोली आधीच निवडलेली उघडायला हवी. अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी मोजणारं गुगलचं साधन) दोन्ही डोमेन जोडून घ्या. त्यासाठी डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंग्जमध्ये डोमेनांची यादी असते. ती जोडली नाही तर सगळी बुकिंग इंजिनच्या डोमेनवरून आल्यासारखी दिसतात आणि कोणतं पान कमाई देतंय ते कधीच कळत नाही.

इंजिन तुमच्याच सबडोमेनवर असेल तर आणखी एक पाहा. तारखेनुसार बनणारे पत्ते अक्षरशः अनंत असतात आणि गुगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) त्यांतच फिरत बसतो. ते रोबोट्सच्या फाइलमध्ये (बॉटने काय उघडू नये ते सांगणारी फाइल) बंद करा.

फोटो. हॉटेलच्या साइटवरची गती इथेच मरते. पहिल्याच पानावर पाच फोटोंचा सरकता स्लायडर, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून आला तसा, ६ एमबीचा. कुडाळ स्टेशनवर उभं राहून फोनवर बघणाऱ्याला ३० एमबी उतरेपर्यंत निळा गोल फिरताना दिसतो. स्लायडर काढा, एकच फोटो ठेवा. रुंदी १,६०० पिक्सेल, वेबपी प्रकार, आकार २०० केबीच्या आत. आणि इथे नेहमी होणारी चूक: गती वाढवणारं प्लगइन सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग (पानावर तिथवर पोहोचल्यावरच फोटो उतरवणं) लावतं, या पहिल्या फोटोलाही. मग पानावरची सगळ्यात मोठी वस्तू सगळ्यात शेवटी येते. पहिला फोटो त्यातून वगळा, त्याला प्राधान्य द्या, बाकीच्यांना लेझी राहू द्या. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, म्हणजे फोटो आल्यावर खालचं बटण सरकत नाही. ‘फोन करा’ दाबायला जावं आणि बोट भलतीकडेच पडावं, हे त्या सरकण्यामुळेच होतं.

आकडे असे: एलसीपी (सगळ्यात मोठी वस्तू दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, सीएलएस (पान किती सरकतं) ०.१ च्या आत, आयएनपी (बोट दाबल्यावर प्रतिसादाला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत. आयएनपी मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आला. पेजस्पीड या गती तपासण्याच्या साधनावर १०० गुण मिळाले की क्रम वाढतो, हा गैरसमज. ते गुण प्रयोगशाळेतले, गुगल खऱ्या भेटींचे २८ दिवसांचे आकडे धरतं. छोट्या हॉटेलला तेवढ्या भेटी नसतात आणि सर्च कन्सोलमध्ये ‘पुरेसा डेटा नाही’ दिसतं. घाबरू नका, त्यात दोष काही नाही.

कलम ७: हॉटेल हा लोकल बिझनेसचा प्रकार आहे, आणि स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दल लावलेल्या रिव्ह्यू स्कीमाचे तारे गुगलने सप्टेंबर २०१९ पासून दाखवणं बंद केलं. त्यात आकडे खोटे असले तर कारवाईही होऊ शकते. प्रश्नोत्तरांच्या स्कीमाचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने निकालाखाली दिसणारी ती प्रश्नोत्तरं फक्त नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरती मर्यादित केली. हॉटेलचा साधा स्कीमा जरूर लावा: नाव, पत्ता, अक्षांश-रेखांश, फोन, चेक-इन, चेक-आउट.

कलम ८: एआयच्या उत्तरांसाठी वेगळी फाइल किंवा वेगळा स्कीमा लागत नाही, असं गुगलने स्पष्ट केलं आहे. पैसे देऊ नका.

---

उत्तर – दर_आणि_खोल्या

@पान_उघडा, बाकी सगळं पटलं, पण तारखांचे पत्ते रोबोट्समध्ये सरसकट बंद करण्याआधी इंजिनवाल्याला विचारायला हवं. फुकट लिंकांचा दर तपासायला गुगल तीच तारखेची पानं उघडतं. ती बंद झाली तर दर पडताळता येत नाही आणि लिंकच जायची. त्यापेक्षा त्या पानांना कॅनॉनिकल (खरं पान कोणतं ते गुगलला सांगणारी खूण) लावून मूळ खोलीच्या पानाकडे बोट दाखवणं बरं.

---

उत्तर – पान_उघडा

बरोबर. दर गुगलला जात असतील तर कॅनॉनिकलच. रोबोट्समध्ये बंद करून वर नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका अशी पानावरची खूण) लावणं तर त्याहून निरर्थक, कारण पान उघडताच येत नसेल तर त्यावरचा नोइंडेक्स गुगल वाचणार कसा?

---

प्रश्नकर्ता – किनारा_१२_खोल्या

सगळ्यांचे मनापासून आभार. ४२ रात्रींचा हिशेब आजच एजन्सीला पाठवतोय. दोन शंका उरल्या. कलम ४ राहिलंच: १०० पानं करावीत का, आणि नको असतील तर मग किती आणि कसली? आणि मराठीत पान करून काही उपयोग होतो का, की सगळे इंग्रजीतच शोधतात?

---

उत्तर – पाहुण्यांचे_प्रश्न

गावाचं नाव बदलून तीच १०० पानं काढणं याला गुगलच्या स्पॅम धोरणात ‘डोअरवे’ म्हणतात. मार्च २०२४ मध्ये ढिगाने मजकूर काढण्याविरुद्ध वेगळा नियमही आला. तुम्हाला दहा-बारा पानं पुरतात. विषय कीवर्डच्या साधनातून काढू नका, फोनमधून काढा. काउंटरवरच्या माणसाला सांगा, फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न आठवडाभर वहीत लिही. तीच तुमच्या पानांची यादी.

तारकर्लीसाठी काही नक्की लागणारी पानं सांगतो.

खोलीची पानं, प्रकारानुसार दोन-तीन, बारा नव्हे. त्यात ‘आलिशान’, ‘निसर्गरम्य’ असले शब्द कापा आणि माहिती भरा: चौरस फूट, पलंग किती रुंद, तिसऱ्या माणसाला पलंग की गादी, गरम पाणी सोलरचं की गीझरचं आणि किती ते किती, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की एसीही, जिना किती पायऱ्यांचा, समुद्र खिडकीतून दिसतो की फक्त ऐकू येतो. शेवटच्या मुद्द्यावर खरं लिहा. ‘सी व्ह्यू’ लिहून माड दिसले की रिव्ह्यूत तेच येतं.

‘कसं यावं’ हे पान जवळजवळ सगळे दोन ओळींत उरकतात, आणि तिथेच संधी आहे. कोकण रेल्वेने येणारा कुडाळला उतरतो. तिथून मालवण ३० किलोमीटरच्या आसपास, पुढे तारकर्ली आणखी सहा-सात. शेवटची एसटी कितीला, रात्रीच्या गाडीने आलं तर रिक्षा मिळते का, तुम्ही गाडी पाठवता का आणि किती घेता, चिपी आणि मोपा यांतला कोणता विमानतळ कुणाला सोयीचा, टेम्पो ट्रॅव्हलर फाटकातून आत येते का, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय काय. ड्रायव्हरची सोय साइटवर लिहिलेलं हॉटेल शोधून सापडत नाही, आणि मोठा ग्रुप घेऊन येणारा पहिलं तेच विचारतो.

पावसाळ्याचं वेगळं पान करा. जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हे स्पष्ट लिहा आणि मग काय चालू असतं ते लिहा. जेवणाचं पान: कोणती मासळी कोणत्या महिन्यात, शाकाहारी थाळीची भांडी वेगळी का, स्वयंपाकघर रात्री किती वाजेपर्यंत. आणि एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे. तिथे शिकायला येणाऱ्याला सलग काही दिवसांची खोली, सकाळी लवकर नाश्ता आणि ओले कपडे वाळवायला जागा लागते. एवढ्या तीन गोष्टी लिहिलेलं एक पान तुमच्या शंभर पानांपेक्षा जास्त कामाचं.

प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं ठेवा. ‘होम’, ‘रूम्स’ नको. ‘तारकर्ली किनाऱ्याजवळ चौघांसाठी एसी खोली’ आणि पुढे हॉटेलचं नाव. पानावरचं मोठं शीर्षकही त्याच्याशी जुळतं ठेवा, नाहीतर गुगल स्वतःच शीर्षक बदलून दाखवतं. मेटा वर्णनाने क्रम वाढत नाही, पण निकालाखाली जे दोन ओळींत दिसतं ते बहुधा तिथून किंवा पानावरच्या मजकुरातून उचललं जातं. म्हणून रिकामं सोडू नका.

मराठीबद्दल: बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात आणि तारकर्लीची तीन स्पेलिंगं करतात. ते गुगलला समजतं, प्रत्येक स्पेलिंगचं पान नको. पण पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून कुटुंब घेऊन येणारे मराठीतून वाचतात. त्यांच्यासाठी जेवण, कसं यावं आणि खोल्या ही पानं मराठीत जरूर करा. दोन अटी. मराठी पानाचा पत्ता वेगळा हवा. जागच्या जागी भाषा बदलणारं भाषांतराचं बटण म्हणजे वेगळं पान नव्हे, ते शोधात येत नाही. आणि एचरेफलँग (दुसऱ्या भाषेतलं पान कुठे आहे ते सांगणारी खूण) दोन्हीकडून लावा. इंग्रजी पानाने मराठीकडे बोट दाखवलं आणि मराठीने परत इंग्रजीकडे दाखवलं नाही, तर गुगल ती खूण मानत नाही.

रिव्ह्यूसाठी सवलत देऊ नका, नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्यालाच लिंक पाठवणंही बसत नाही. चेक-आउटच्या टेबलावर क्यूआर कोड ठेवा आणि सगळ्यांना सारखंच सांगा.

---

प्रश्नकर्ता – किनारा_१२_खोल्या

वही आजपासून सुरू. शेवटचं: डोमेन तेच ठेवतो, पण साइट नव्याने बनवायचीच आहे, जुनी फोनवर नीट उघडत नाही. बनवताना क्रम जाऊ नये म्हणून काय बघायचं?

---

उत्तर – पान_उघडा

डोमेन ठेवताय हे फार बरं केलंत. डोमेनमध्ये गावाचं नाव किंवा ‘बेस्ट’ घातल्याने क्रम वाढत नाही. आणि सोडलेलं जुनं डोमेन दुसऱ्याने घेतलं तर तुमच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावरून पाहुणा भलत्याच साइटवर पोहोचतो.

काम सुरू होण्याआधी मालकी तपासा. डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलंय? मॅपच्या प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही आहात की आधीची एजन्सी? सर्च कन्सोल डीएनएसमधून (डोमेनच्या सेटिंग्जमधून) तुमच्या खात्यावर पडताळून घ्या आणि एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. भांडण झालं की चावी कुणाकडे आहे तेच महत्त्वाचं ठरतं.

मग जुन्या साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचं देतं, ते उतरवून ठेवा. ज्या पत्त्यांवर क्लिक येतात त्या प्रत्येकाला नव्या साइटवरचं नेमकं जोडीचं पान द्या, ३०१ रीडायरेक्टने (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं). सगळे पत्ते मुख्य पानावर ढकलले तर गुगल ती पानं गेली असंच धरतं. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, काढले नाहीत तर उत्तम.

नवी साइट तयार होत असताना वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंगखाली, सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची एक चौकट टिचकी मारून ठेवतात. साइट सुरू झाल्यावर ती टिचकी काढायची राहते आणि दोन-तीन आठवड्यांत हॉटेल शोधातून नाहीसं होतं. सुरू केल्याच्या दिवशी पहिली तीच पाहा. मग सर्च कन्सोलमध्ये मुख्य पान आणि एक खोलीचं पान टाकून ‘लाइव्ह चाचणी’ चालवा, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) पुन्हा द्या, मॅपच्या प्रोफाइलवरची लिंक तपासा. त्या लिंकला यूटीएम (पाहुणा कुठून आला ते सांगणारी पत्त्यातली शेपटी) लावा, म्हणजे मॅपवरून किती आले ते वेगळं दिसेल.

वेळेचं म्हणाल तर जूनमध्ये बदला. पाऊस असतो, बुकिंग कमी असतं, चूक झाली तरी नुकसान थोडं. आणि दिवाळीचं बुकिंग सुरू होईपर्यंत नव्या पानांना तीन-चार महिने मिळालेले असतात. एप्रिलमध्ये कुणी ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणालं तरी हात लावू देऊ नका.